नर अज्ञात

किड्याची जात ठरवायची तर नर लागतो. निदान मी ज्या किड्यांवर काम करते त्यांच्यात तरी. माद्या सगळ्या सारख्या, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. नराच्या पोटाच्या टोकाशी, आत, एक छोटासा कडक अवयव असतो, त्याचं जननेंद्रिय. त्याचा आकार प्रत्येक जातीत वेगळा असतो. तो सुईच्या टोकाने बाहेर काढायचा, साफ करायचा, काचेवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्याचं चित्र काढायचं. मग सांगता येतं की हा अमुक, किंवा याची नोंद आजवर कोणी केलेली नाही.

हे मी एकदा ताईला समजावून सांगितलं होतं. ताई दहिसरला राहते, माझ्याहून बरीच मोठी. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे रोज संध्याकाळी तू किड्यांचं ते बघत बसतेस?"

"हो."

"आणि स्थळं आली की नाक मुरडायचीस."

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही गं. आईला माहीत असायला हवं होतं, एवढंच."

पोटासाठी मी अंधेरीला एका प्रयोगशाळेत काम करते. धान्य, मसाले, काजू यांचे नमुने येतात. ते चाळायचे आणि किडा सापडला तर कुठला ते लिहून द्यायचं. वर्षभर तेच ते, सोंडे आणि पोरकिडे. काम चांगलं आहे, डोक्याला त्रास नाही. खरं काम घरी, मुलुंडला, जेवणाच्या टेबलावर. आई होती तोवर सूक्ष्मदर्शक कपाटात असायचा आणि ती झोपली की बाहेर निघायचा. आई गेल्यावर तो टेबलावर आला तो तिथेच राहिला. मी ओट्याशी उभ्याने जेवते. घासायला भांडीही कमी पडतात.

माझ्या किड्यांना इंग्रजीत रोव्ह बीटल म्हणतात. मराठीत नाव नाही, कारण नाव ठेवावं इतकं कोणी त्यांच्याकडे बघत नाही. भुंगेऱ्यांच्या घराण्यातले, पण भुंगेऱ्याची पाठ जशी कडक झाकणांनी पूर्ण झाकलेली असते तशी यांची नसते. झाकणं आखूड, पोलक्यासारखी, आणि खालचं लांब पोट उघडं. घाबरले की ते पोट विंचवासारखं वर उचलून पळतात. जगभरात त्यांच्या हजारो जाती. मी त्यातला एकच गट धरून आहे. चार मिलिमीटरचे, तपकिरी, सडपातळ, डोक्यावर बारीक जाळीसारखी नक्षी. या गटावर काम करणारी माणसं जगात एका रिक्षात मावतील, आणि त्यातला एक जण तेव्हा उतरायच्या बेतात होता.

हा उतरणारा माणूस युरोपातल्या एका संग्रहालयात काम करायचा. आमची भेट कधी झाली नाही. बरीच वर्षं मेलवर बोलणं होतं. त्याची मेल नेहमी हवेपासून सुरू व्हायची. आज धुकं आहे, आज नदी गोठली. मी हवेबद्दल काही लिहीत नसे, मुंबईच्या हवेत लिहिण्यासारखं काय असतं. मग तो मुद्द्यावर यायचा आणि आम्ही एखाद्या खाचेच्या खोलीवर आठवडाभर वाद घालायचो. माझ्या लिहिण्यात चूक असली की तो दाखवायचा, त्याच्यात असली की मी. एवढं नीट वाचणारा माणूस मला ऑफिसात नाही, घरात तर नाहीच.

त्याने लिहिलं की वर्षअखेरीस तो निवृत्त होतोय. त्याच्या जागी येणारी बाई माश्या-डासांवर काम करते, त्यामुळे बाहेर दिलेले सगळे नमुने त्याआधी परत मागवले जातील. जाण्यापूर्वी तो मला एक नळी पाठवत होता. पूर्व आफ्रिकेतल्या एका डोंगरावरच्या जंगलातला पाचोळा कोणीतरी वेगळ्याच कामासाठी चाळला होता आणि त्यात आमच्या गटातले काही किडे निघाले होते. वर्षानुवर्षं ते स्पिरिटमध्ये पडून होते. 'मला हे नवीन वाटतात,' त्याने लिहिलं. 'नर सापडला तर वर्णन तुम्ही करा, नावही तुम्हीच द्या.'

इतकी वर्षं मी इतरांचेच किडे ओळखून दिले होते. नव्या जातीचं वर्णन करून तिला नाव देणं हे काम माझ्या हातून एकदाही झालेलं नव्हतं. ते व्हावं असं मला वाटत होतं. फार वाटत होतं, हे लिहायला हरकत नाही.

मी जिथे शिकले त्या कॉलेजच्या नावावर रीतसर कागदपत्रं करून खोका घरच्या पत्त्यावर आला, पण कुरिअरवाला आला तेव्हा मी अंधेरीला होते. समोरच्या काकींनी तो घेऊन ठेवला. काकी मालवणकडच्या. काका गिरणीत होते, ते गेले. मुलगा वाकोल्याला वेगळा राहतो. मी संध्याकाळी घ्यायला गेले तर खोका बाहेर, चपलांच्या स्टँडवर.

"काय गो, ह्यात आसा तरी काय?"

"किडे आहेत काकी. आफ्रिकेतले. मेलेले."

"म्हणानच मी भायर ठेवलंय," काकी म्हणाल्या. "पण मेलेले कित्याक होयेत तुका? हय जिते काय कमी आसत?"

नळीत सगळ्या माद्या निघाल्या. पण बघण्यासारख्या होत्या. या किड्यांच्या आखूड झाकणांखाली उडायचे पंख घडी घालून ठेवलेले असतात. या माद्यांचे पंख म्हणजे नुसते तुकडे. डोंगराच्या माथ्यावरच्या जंगलात उडून जायचं तरी कुठे? पिढ्यानपिढ्या पाचोळ्यातच जातात, मग पंख झडतात, खांदे अरुंद होतात, झाकणं आणखी आखूड होतात. असे बिनपंखी किडे बहुधा एकेका डोंगराचे असतात, शेजारच्या डोंगरावरही तेच नसतात. म्हणजे नवीन असण्याची शक्यता मोठी. फक्त नर हवा होता.

नळीच्या तळाशी गाळ होता. मातीचे कण, पानांचा चुरा, मुंग्यांची डोकी. तो मी पांढऱ्या बशीत स्पिरिट घालून थोडा थोडा पसरायचे आणि टेबलावरच्या दिव्याखाली चिमट्याने निवडायचे. तांदूळ निवडतात तसंच काम. एकदा सगळा गाळ निवडून झाला. नर नव्हता. दुसऱ्यांदा निवडला. पितृपक्ष चालू होता, दोन सणांमधली ती शांतता सोसायटीत होती आणि उकाडा असा की खिडकी उघडल्याशिवाय बसवत नव्हतं. मुलुंडच्या आमच्या बाजूला डोंगर जवळ, त्यामुळे पाऊस सरता सरता दिव्यावर बारीकसारीक खूप येतं. ते अंगावर घ्यायची सवय आहे मला. एका संध्याकाळी निवडताना ताईचा फोन आला. तिच्या नणंदेच्या मुलीचं काहीतरी बिनसलं होतं. ते संपेपर्यंत डोळे थकले. बशी तशीच ठेवून मी झोपले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर चहासुद्धा न घेता बसले, आणि गाळाच्या कडेला तो होता. नर. पोटाच्या शेवटच्या पट्टीवर नराला असते ती खाच, अगदी स्वच्छ.

मी ओरडले वगैरे नाही. हात धुतले, नखं कापली आणि सुई घेतली. अवयव पहिल्याच प्रयत्नात अखंड निघाला. त्याचं टोक हुकासारखं वळलेलं होतं. आफ्रिकेतल्या जातींची माझ्याकडे जेवढी चित्रं होती ती सगळी काढून बघितली. एकाशीही जुळेना.

ताईला फोन केला. कोणाला तरी सांगायला हवं होतं.

"सापडला."

"कोण?"

"नर."

"अगं बाई. या वयात?" ताई खूप हसली. मग म्हणाली, "म्हणजे आता तुझं नाव लागणार त्याला?"

"स्वतःचं नाव देत नाहीत, ताई. मी ठेवीन ते नाव लागतं. माझं नाव त्याच्या मागे लिहितात."

"मागे का होईना. आडनाव नीट लिही, आपल्याकडे लोक दीर्घ वेलांटी देतात."

पुढचे काही आठवडे मी वर्णन लिहिलं. या कामाची एक पद्धत आहे. डोक्यापासून सुरुवात करायची, शेपटीकडे जायचं, वाक्यात क्रियापद नाही, कौतुक नाही. डोकं लांबीपेक्षा रुंद. डोळे लहान. असं. मला ती भाषा आवडते. तिच्यात कोणी आपलं मन मोकळं करत नाही.

नराचं वर्णन लिहिताना दोन गोष्टी आडव्या आल्या. एक म्हणजे त्याचे पंख पूर्ण होते. माद्यांना पंखांचे तुकडे आणि याला चांगले उडते पंख. दुसरं म्हणजे माद्या पिवळट, फिकट, आणि हा गडद, चकचकीत. मी थांबायला हवं होतं. त्याऐवजी मी संदर्भ शोधले. एकाच जातीत काही किड्यांना पंख असतात, काहींना नसतात, हे खरं आहे. तशी उदाहरणं छापलेली आहेत. मी ती एकाखाली एक लिहून काढली आणि एक चांगला परिच्छेद तयार केला. रंगाबद्दल लिहिलं, 'नर मादीपेक्षा गडद.' जातीचं लक्षण म्हणून लिहिलं ते. वर्षानुवर्षं स्पिरिटमध्ये राहिलं की काहीही फिकं पडतं, हे आमच्या प्रयोगशाळेत नवीन आलेल्या मुलीलासुद्धा मी पहिल्या दिवशी सांगते.

नावही ठरवलं. लॅटिनमध्ये एकच शब्द, डोंगराशी संबंध असलेला, व्याकरण तपासून घेतलेला. मसुदा संग्रहालयातल्या माणसाला पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं. त्यात हवा नव्हती. थेट अभिनंदन होतं, नाव छान आहे असं होतं, आणि हे जाण्यापूर्वी बघायला मिळालं याचा आनंद आहे असं. कुठल्याही खाचेवर वाद नव्हता. मला तेव्हा ते बरं वाटलं. एक-दोनदा पुन्हा काढून वाचलं.

मसुदा मासिकाकडे धाडायच्या आधीची ती रविवारची सकाळ. चित्रांखालच्या ओळी तेवढ्या राहिल्या होत्या. काकींनी दार वाजवलं. हातात वाटी, वर बशी झाकलेली.

"ह्यो बघ तुझो पावणो," त्या म्हणाल्या. "रातभर घावण्याच्या पिठात पोवत होतो. तुझ्या आफ्रिकेसून इलो तो."

"काकी, माझे सगळे मेलेले आहेत."

"मेलेले आसत तर ह्यो जितो कसो? माका काय येडी समाजतंस?"

बशी काढली. वाटीच्या कडेने, पिठाने माखलेला, एक सडपातळ तपकिरी किडा पोट वर उचलून पळत होता. मी त्याला चिमट्याने उचललं, पाण्यात धुतलं आणि स्पिरिटमध्ये टाकलं. काकी दारातच उभ्या होत्या. मी त्यांना आत या म्हणायचंही विसरले. सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. डोक्यावर जाळी. गडद, चकचकीत. पूर्ण पंख. पोटाच्या शेवटच्या पट्टीवर खाच, तीच. मग सुई घेतली. हुकासारखं वळलेलं टोक, तेच.

सुई खाली ठेवली. इतकं सगळं सोपं झालं की काही विचार करायला उरलं नाही. उघडी खिडकी, टेबलावरचा दिवा, फोन आल्यावर तशीच राहिलेली बशी. आफ्रिकेच्या चित्रांशी तो जुळणार कसा? तो इथला होता. मी इथली चित्रं बघितलीच नव्हती.

"तुझोच मा?" काकींनी दारातून विचारलं.

"नाही काकी. हा इथलाच. मुलुंडचा."

"मगे तुझा तोंड कित्याक असा झाला?"

"काही नाही. पीठ गाळून घ्या."

"गाळून? शी. कधीच टाकलंय." त्या जायला वळल्या आणि पुन्हा थांबल्या. "वाटी धुवन दी. आणि जेवलंस काय? तांदळाची भाकरी आसा."

मी नंतर येते म्हणाले. गेले नाही.

दुपारी भारतातल्या जातींची चित्रं काढली. फार शोधावं लागलं नाही. जुनी, कधीची नाव दिलेली, अर्ध्या आशियात दिव्यावर येणारी साधी जात. मी जिला आफ्रिकेच्या डोंगरावर नेऊन बसवलं होतं ती काकींच्या पिठातही पडते आणि कदाचित ताईच्या दहिसरच्या ट्यूबलाइटवरही येत असेल.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. मी गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं. रिक्षातले उरलेले लोक आपापल्या खंडात गुंतलेले. कोणीतरी कधीतरी तो नर पुन्हा तपासला असता, मी मेल्यावर बहुतेक. हा विचार माझ्या मनात आला आणि ओट्यावरची भांडी घासून होईपर्यंत राहिला. मग मी मेल लिहायला बसले. चुकीचा नर कायम छापलेला राहिला तर त्या डोंगरावरचा खरा नर ज्याला सापडेल तो त्याला बाजूला टाकेल, हा आपला नव्हे म्हणून. किड्याची ओळखच मी पुसून टाकली असती. त्यापेक्षा ओळख नसलेली बरी.

मेल थोडक्यात लिहिली. काय झालं, कसं झालं, मसुदा मागे घेते. शेवटी, बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा, हवेबद्दल एक वाक्य लिहिलं, की उकाड्यामुळे खिडकी उघडी होती.

त्याचं उत्तर यायला वेळ लागला. त्याने लिहिलं की असं होतं, मन लावून काम करणाऱ्यालाच होतं. पुढे एक वाक्य होतं. 'खरं सांगायचं तर पंखांबद्दल आणि रंगाबद्दल मलाही शंका आली होती, पण तुम्ही इतक्या आनंदात होतात की विचारायचं जिवावर आलं.'

ते वाक्य मला नराहून जास्त लागलं. चांगुलपणाने लिहिलं होतं, कळत होतं. पण इतकी वर्षं आम्ही एकमेकांशी जे काही होतो ते, विचारायचं ते विचारतो म्हणूनच होतो. हवापाण्याच्या गप्पा आणि सांत्वन करायला मला इथे माणसं आहेत, मी त्यांना फोन करत नाही. नीट वाचणारा एकच होता आणि शेवटच्या वेळी त्याने मला सांभाळून घेतलं.

त्याने एक मार्गही सुचवला होता. नुसत्या माद्यांवरून वर्णन करा. पंखांची ठेवण वेगळी आहेच. 'नर अज्ञात' असं लिहा, तसं लिहितात, तुमचं नाव होईल. खरं आहे, तसं लिहितात. जुन्या पुस्तकांत अशा कितीतरी जाती आहेत, आणि त्यातल्या काहींचा गुंता सोडवण्यात माझी बरीच वर्षं गेलीत. मादीवरून नाव दिलं की पुढच्या माणसाला कळत नाही नाव कोणाचं. या गटात नराशिवाय नाव द्यायचं नाही हे मीच त्याला अनेकदा ऐकवलं होतं, कडक शब्दांत. मी 'नाही' असं कळवलं. त्याने उत्तर दिलं, 'तुम्ही म्हणाल तसं.' बाकी निवृत्तीच्या गडबडीबद्दल दोन ओळी होत्या. घरचा पत्ता त्याने दिला नाही, मीही मागितला नाही. वर्ष सरल्यावर संग्रहालयाच्या पत्त्यावर पाठवलेली माझी मेल परत आली, असा कोणी आता इथे नाही म्हणून.

खोका परत पाठवताना माद्या जशा आल्या तशा, त्यांच्या नळीत. आत एक बारीक चिठ्ठी टाकली, गटाचं नाव, पुढे 'जात अनिश्चित, फक्त माद्या', आणि तपासणाऱ्या बाईचं, म्हणजे माझं, नाव. हे सगळेच टाकतात. मुलुंडचे दोन्ही नर मी टाचणीवर लावले, 'दिव्यावर' आणि 'पिठात' अशा नोंदींसह, आणि कॉलेजच्या संग्रहाला दिले. तिथे त्या जातीचे आधीपासूनच खूप आहेत.

ताईने दिवाळीला विचारलं.

"झालं का गं तुझ्या किड्याचं?"

"नाही. चुकीचा नर निघाला."

ताई नेहमीप्रमाणे काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले. तिने चकल्यांचा डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "ते नाव काय ठेवणार होतीस? मला तरी सांग."

मी तिलाही सांगितलं नाही, आणि इथेही लिहिणार नाही. ज्याच्यामागे वर्णन नाही असं नाव कुठेही छापून आलं की ते भटकत राहतं. कोणीतरी ते उचलतं, यादीत घालतं, आणि मग हे कोणाचं म्हणून पुढचे लोक शोधत बसतात. आमच्यात तशी नावं छापत नाहीत. मी ते एकदाच मोठ्याने म्हणून पाहिलं होतं, मसुदा पूर्ण झाला त्या संध्याकाळी, घरात कोणी नसताना. ऐकायला चांगलं होतं.